निरंक

नगरपालिकेसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
सावद्यात निवडणूक लागली की
बाजारात गुलाल संपतो,
माझ्या मशीनमधला काळा त्याच्याही आधी.

त्या दुपारी मेहरून तडवी आली,
मागे दुर्वेश झांबरे, आणि एक बारकं पोरगं
ज्याचं मत अजून तीन वर्षं लांब.
"काका, वॉर्ड सातचे सगळे उमेदवार काढून द्या."
म्हटलं, हँडबिलं ना? घ्या, फुकट आहेत.
"ती नकोत. शपथपत्रं."

शपथपत्रं काचेच्या फळ्यात असतात.
एका टाचणीत अठ्ठावीस पानं,
वरचं तेवढं दिसतं.
किल्ली शिपायाकडे, शिपाई चहाला.
पोरं तिथं दोन दिवस थांबली,
तिसऱ्या दिवशी चहाच घेऊन गेली.

मोबाइलमधले फोटो वाकडे,
कडेला कुणाचा तरी अंगठा.
मशीन एकेक पान बाहेर टाकू लागलं
आणि वीस वर्षं गावाचे सातबारे, जातीचे दाखले,
मयताचे दाखले उलटे-सुलटे करणारा मी
पहिल्यांदाच हातातला कागद वाचत बसलो.

सोनं: पत्नीच्या नावे चाळीस तोळे.
गुन्हे: एक, प्रलंबित.
वाहन: निरंक.
"निरंक म्हणजे?" बारक्यानं विचारलं.
म्हणजे काहीच नाही.
"मग ती पांढरी गाडी? भोंगा लावून फिरते ती?"
मी मशीनचं झाकण लावलं.
दोन हजार हँडबिलांची माझी उधारी
त्याच गाडीत बसून यायची होती.

चौथा कागद द्वारकाबाई बऱ्हाटे यांचा.
शिक्षण सातवी. व्यवसाय घरकाम.
उत्पन्न निरंक, वाहन निरंक, कर्ज निरंक.
हँडबिलावर नवऱ्याचा फोटो पोस्टरएवढा,
त्यांचा तिकिटाएवढा. मीच छापलेला.

फुकट गेलेल्या पानांच्या पाठीवर
पोरांनी प्रश्न लिहिले.
स्टँडवरच्या संडासाला कुलूप का?
वाचनालयात शेवटचं पुस्तक कधी आलं?
मीही गेलो त्यांच्यासोबत,
उधारीचं निमित्त करून.

ओट्यावर बऱ्हाटेभाऊच बोलत होते.
विकास म्हणाले, तीनदा.
मेहरून म्हणाली, "भाऊ, फॉर्म काकूंचा आहे."
मग असं शांत झालं
की आतला कुकर ऐकू आला.
काकूंनी पदराला हात पुसले, नवऱ्याकडे पाहिलं,
मग पाहिलं नाही.
"तिसऱ्या दिशी नय येते, रातच्या दीडले.
मी जागी राह्यते.
गल्लीतल्या तेरा घरायले मीच उठोते.
व्हॉल कोनाकडे वयतो अन् कोनासाठी वयतो,
थे बी मले मालूम हाये."
भाऊ खोकले. दुर्वेश लिहीत राहिला.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते शपथपत्रात दिलेलं नाही.

मतदानाच्या आठ दिवस आधी
पोरांनी माझ्या शटरवर चारही कागद चिकटवले,
शेजारी शेजारी, एकाच उंचीवर.
केळीच्या ट्रकवरचे हमाल थांबून वाचायचे.
ज्यांना वाचता येत नव्हतं
त्यांना बारका मोठ्यानं वाचून दाखवायचा,
निरंक आलं की जरा जास्तच मोठ्यानं.

पांढरी गाडी दारात आली.
"हे काढ, भो. तुझं आमचं नातं काय!"
म्हटलं, शटर माझं,
पण कागद तर तुमचाच आहे. सहीसकट.
गाडी गेली. उधारीही तिच्यात बसून गेली.
रात्री वहीत त्या नावापुढे
येणे: निरंक, असं लिहिलं
आणि शाई वाळेपर्यंत बघत बसलो.

कोण निवडून आलं ते गावात कुणालाही विचारा.
मला आठवतो तो बारका,
निकालाच्या दुसऱ्या दिवशी दारात उभा,
खिशात चार रुपये चिल्लर.
शटरवरचे कागद उन्हानं पिवळे पडलेले.
"काका, चौघांचं पहिलं पान परत काढून द्या.
तीन वर्षं टिकेल ना ही शाई?"